बोब्रोफांच्या घरचं गाणं

हेडविग बोब्रोफ हसताना जिन्यातल्या फार थोड्या शेजाऱ्यांनी पाहिली होती, आणि ज्यांनी पाहिली होती त्यांनाही ते फारसं आवडलं नव्हतं. पॉट्सडामच्या दक्षिण टोकाला सिमेंटच्या एकसारख्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर ती एकटी राहायची. सगळं आयुष्य तिने शहराची ट्रॅम चालवली होती. घंटा वाजवून माणसं रुळांवरून हाकलायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. हातातली घंटा गेली आणि तिच्या जागी तोंड आलं, एवढाच फरक. जिना पुसायची पाळी कोणी चुकवली, बाटल्या भलत्याच डब्यात टाकल्या, दुपारच्या शांततेच्या वेळी भिंतीत खिळा ठोकला, की चौथ्या मजल्यावरचं दार उघडलंच म्हणून समजा.

तिचा सगळ्यात जास्त राग होता तो समोरच्या दारावर. तिथे झोया केलर नावाची रशियन विधवा राहत होती. कझाकस्तानातून आलेली, अंगाने ऐसपैस, बोलायला मोकळी. नवरा जर्मन आडनावाचा, म्हणून इकडे येता आलं. इथे आल्यावर दोन वर्षांत नवरा गेला आणि आडनाव तेवढं राहिलं. राहायला आली त्याच दिवशी दारावरची पाटी वाचून ती म्हणाली होती, "बोब्रोफ? म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की हो."

"मी प्रशियाची आहे," हेडविग म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बरीच वर्षं दोघींमध्ये जे बोलणं झालं ते जिना, केरसुणी आणि कांद्याचा वास यांपलीकडे गेलं नाही. पण झोया म्हणजे पालथा घडा. कितीही ओता, आत काही जायचं नाही. दर ईस्टरला ती गोड पावाचा तुकडा हेडविगच्या दाराशी ठेवायची, आणि हेडविग तो चिमण्यांना घालायची. चिमण्यांचं मात्र उत्तम चाललं होतं.

त्या दिवशी झोयाने बेल वाजवली ती हातात फुकट मिळणारं साप्ताहिक घेऊन. सगळ्यांच्या पत्रपेटीत येतं, अर्ध्याहून जास्त जाहिराती असतात, ते.

"बोब्रोफबाई, बघा तरी. तुमचं नाव छापून आलंय."

हेडविगने चष्मा लावला. पान भरून एक जुना फोटो होता. भरतकाम केलेला सदरा, गुडघ्यापर्यंतचे बूट, डोक्यावर केसाळ टोपी आणि एक हात कमरेवर, असा एक तरुण. खाली मोठ्या अक्षरांत: 'बोब्रोफांच्या घरी या. झारच्या लाडक्या गायकाच्या नातवाच्या हातचा चहा प्या.' आणि त्याखाली पत्ता. पत्ता वाचायची हेडविगला गरज नव्हती. त्याच घरात ती जन्मली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

"अगं बाई. किती देखणे होते."

"देखणे नव्हते. मूर्ख होते." तिने पेपरची घडी घातली, परत उघडली, परत घडी घातली. "उद्या जाते मी तिथे. भिंतीवर टांगली असेल ती तसबीर, ती उतरवते आणि शेगडीत घालते."

"शेगडी कुठाय आपल्याकडे? घर तापवायला पाण्याचे गरम नळ आहेत नुसते."

"मग कचऱ्यात घालते."

"कुठल्या डब्यात?" झोयाने विचारलं. "काच एका डब्यात, कागद दुसऱ्यात, तुम्हीच ओरडता ना आम्हाला." मग लगेच म्हणाली, "मी येते सोबत. तुमचा गुडघा तो असा. स्टुलावर चढणार कोण?"

झोयाचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच हेडविगला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दोघी ट्रॅममध्ये बसल्या. हेडविग ड्रायव्हरच्या अगदी मागे. तो ब्रेक कसा मारतो, वळण कसं घेतो, सगळ्यावर ती मान हलवत होती. झोयाने ठेवणीतला फुलाफुलांचा रुमाल गळ्यात बांधला होता आणि तिला लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं.

"बाबा मूर्ख का हो तुमचे?" मध्येच तिने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

हेडविगने सांगितलं नाही, तेव्हा ते आपणच सांगायला हवं.

हेडविग जन्मली त्या अलेक्झांड्रोव्हका वसाहतीतली घरं बाहेरून बघाल तर लाकडी ओंडके एकावर एक रचलेले, छपराला कोरीवकाम, अस्सल रशियन खेडं. पण ओंडके नुसते बाहेरून ठोकलेत. आत भिंती जर्मन आहेत, विटांच्या. तिथल्या माणसांचंही तसंच होतं. प्रशियाच्या राजाकडे रशियन शिपायांचं एक गाणाऱ्यांचं पथक होतं, आणि त्या गायकांसाठी त्याने ही वसाहत बांधली. प्रत्येकाला घर, फळबाग आणि एक गाय. शिपायांनी बायका केल्या त्या इथल्याच, जर्मन. मुलं जर्मनच बोलली. नातवंडांना आडनावापलीकडे काही उरलं नाही. घर विकता यायचं नाही, गहाण टाकता यायचं नाही. बापामागून मुलाला, मुलगा नसला तर परत राजाला. मुलीचं नाव त्या नियमात कुठेच नव्हतं. राजे गेले, कैसर गेला, पुढे राज्यंही बदलली, पण बोब्रोफांच्या घरात तो नियम काही गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं.

आणि एक गाणं राहिलं. ईस्टरच्या सकाळी घरचा कर्ता पुरुष उंबऱ्यात उभा राहून ते म्हणायचा. बापाने मुलाला शिकवायचं, मुलाने त्याच्या मुलाला. त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. पण ते झारच्या स्तुतीचं आहे हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. राजाचे गायक राजाचं नाही तर कोणाचं गाणार?

हेडविगचा बाप एमिल हा माळी. नगरपालिकेच्या बागांत काम करायचा. त्याने झार पाहिला नव्हता आणि रशियाही नाही. तो फोटो वसाहतीला शंभर वर्षं झाली त्या सोहळ्यातला. कपडे नाटक कंपनीकडून आणलेले होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत करायचे होते, आणि टोपीने डोकं खाजत होतं, असं तो स्वतःच सांगायचा.

मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरली. सोव्हिएत सैन्य पॉट्सडामात शिरलं. शहर जळत होतं, आणि त्या धुरातून आलेले शिपाई एकदम रशियन खेड्यात येऊन उभे राहिले. ते डोळे चोळत होते. एमिलला वाटलं, हीच वेळ. आपण यांचेच, हे यांना कळलं की घर वाचेल, बायकापोरं वाचतील. त्याने भिंतीवरची तसबीर काढली, छातीशी धरली, उंबऱ्यात उभा राहिला आणि ईस्टरचं गाणं म्हटलं. अलेक्झांड्रोव्हका सोडून जगात दुसऱ्या कोणाला ही बुद्धी सुचली नसती. शिपाई हसले. एकाने त्याला मिठी मारली, एकाने पाव दिला. नऊ वर्षांची हेडविग बापाच्या मागे उभी राहून बघत होती. तिला बापाचा केवढा अभिमान वाटला त्या क्षणी.

दोन-तीन दिवसांनी दोघे सोव्हिएत अधिकारी मोटारीतून आले. जरा विचारायचंय म्हणून एमिलला घेऊन गेले. ते जरा चार वर्षं चाललं. रशिया त्याने पाहिला तो असा, काटेरी तारेच्या आतून.

का नेलं हे कोणीच सांगितलं नाही. पण पंपावर पाणी भरायला आलेल्या बायकांनी ते ठरवून टाकलं. "कम्युनिस्टांपुढे झारचं गाणं म्हणतो का कोणी? आपल्या पायावर आपणच कुऱ्हाड मारून घेतली." हेडविगच्या आईला, फ्रीडाला, ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. माणूस उगाच गेला असं म्हणत जगता येत नाही; चुकीने गेला म्हटलं की निदान कोणावर तरी चिडता येतं. फ्रीडा नवऱ्यावर चिडली. आणि हेडविग आईची मुलगी.

एमिल परत आला तो एका कानाने बहिरा होऊन. तिकडचं काही बोलला नाही. परत बागकामाला लागला. तसबीर फ्रीडाने माळ्यावर टाकून दिली होती, तीही त्याने विचारली नाही. एकदाच, शिडीवर चढून नासपतीच्या फांद्या छाटताना, तो ते गाणं गुणगुणायला लागला. हेडविग तेव्हा सतरा वर्षांची. खाली उभी राहून म्हणाली, "बाबा, बंद करा ते. चार वर्षं खाल्ली त्या गाण्याने आमची. अजून पोट भरलं नाही का त्याचं?"

एमिल गप्प झाला. शिडीवरून उतरला. पुन्हा त्याच्या तोंडून ते गाणं कोणी ऐकलं नाही, ईस्टरलाही नाही. मुलाला, युर्गेनला, त्याने ते शिकवलंच नाही. हेडविगला आपल्या त्या वाक्याचा पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता. घरात खरं बोलायची छाती आपल्या एकटीला होती, असं ती सांगायची.

सोव्हिएतांच्या अमलात शाळेत रशियन सक्तीचं होतं. ती तोंड शिवून बसायची. "बोब्रोफ आडनाव आणि एक वाक्य येत नाही?" मास्तर विचारायचे. "नाही येत," ती जर्मनमध्ये सांगायची. दरवर्षी त्या विषयात भोपळा. त्यामुळे पुढचं शिक्षण खुंटलं आणि ती ट्रॅमच्या डेपोत लागली. बाप गेल्यावर घर युर्गेनचं झालं, त्याने लग्न केलं, आणि बापाचं शेवटचं आजारपण काढलेल्या बहिणीला एक सुटकेस घेऊन बाहेर पडावं लागलं. रोज तिची ट्रॅम त्या घराजवळून जायची. तिने त्या बाजूला एकदाही मान वळवली नाही.

"उतरायचं ना?" झोया म्हणाली.

दोघी उतरल्या. फळझाडांच्या मधल्या वाटेने गर्दी चालली होती. लोक कुंपणावरून आत वाकून बघत होते, खिडक्यांचे फोटो काढत होते. झोया उभी राहिली, घरांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "आमच्या गावात असं एकही घर नव्हतं. पत्रे होते."

"चला लवकर."

दारात युर्गेनचा मुलगा डेटलेफ उभा होता. गोरा, गुबगुबीत, अंगात भरतकाम केलेला सदरा आणि कमरेला लाल पट्टा. आधी तो गाद्या विकायचा. बाप गेला, घर हाती आलं, आणि गाद्यांपेक्षा आजोबा जास्त खपतात हे त्याच्या लक्षात आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"आत्या. तू? चक्क?" त्याने दोन्ही हात पसरले. "आणि या कोण? पाहुण्या? या, या, बसा. तुम्हाला आजीच्या हातचं बीटाचं सूप देतो."

"तुझ्या आजीने बीट सशांना घातलं फक्त," हेडविग म्हणाली. "या घरात उकडलेले बटाटे, चक्का आणि वरून जवसाचं तेल, याखेरीज मी काही शिजलेलं पाहिलं नाही. ती तसबीर कुठाय?"

"हळू बोल ना आत्या. आत बसची माणसं आहेत."

आत चार टेबलं भरली होती. दक्षिणेकडून सहलीला आलेली निवृत्त मंडळी चकचकीत पितळी भांड्यातून चहा ओतून घेत होती. भिंतीवर, आईचं कपाट जिथे असायचं तिथे, ती तसबीर लटकत होती. तीच. चौकटीच्या कोपऱ्यात तोच टवका. हेडविगला वाटलं होतं की बघताक्षणी ती उतरवेल. पण ती मधोमध उभीच राहिली. बाबा तिच्यापेक्षा खूप लहान दिसत होते. तेवीस वर्षांचं पोरगं.

"खाली उतरव ते," ती म्हणाली.

"आत्या, ऐक. तो फोटो म्हणजे आपलं दुकान आहे. लोक त्याच्यासाठी येतात."

"तुला काय माहितीय त्याच्याबद्दल?"

"आजोबा गायचे म्हणे. पप्पा सांगायचे, युद्धानंतर ते काही दिवस आत होते. तेवढं मी मेनूत नाही घातलं. चहाबरोबर बरं वाटत नाही ते."

"झारचा लाडका गायक. लाज नाही वाटली लिहायला? माळी होते ते. खत टाकायचे."

"माळ्याच्या घरी कोण येईल चहा प्यायला?" डेटलेफ हसला, आणि मग त्याचा आवाज जरा बदलला. "आणि हे बघ, घरातलं सगळं घराबरोबर येतं. बापाकडून मुलाला. नियम मी नाही केला. तुझ्या लग्नाला कोणी अडवलं नव्हतं, नवऱ्याच्या घरी भिंती असत्या की तुझ्या."

टेबलाशी बसलेल्या झोयाने पुढ्यात आलेल्या घावनाचा घास तोंडात घातला होता, तो तिथेच थांबला. हेडविगची कानशिलं तापली. सुटकेस घेऊन बाहेर पडलेली ती, आणि हा त्या वेळी जन्मलासुद्धा नव्हता, तो तिला भिंतींबद्दल सांगणार.

ती बसच्या मंडळींकडे वळली. ट्रॅममधून विनातिकीटवाल्यांना उतरवताना वापरायची तोच आवाज तिने लावला.

"ऐका. चहा पिताय ना, पीत पीत ऐका. हा माणूस माझा बाप. याने हा फोटो छातीशी धरून त्या उंबऱ्यात सोव्हिएत शिपायांपुढे झारचं गाणं म्हटलं. मूर्खपणा केला. त्याला उचलून नेलं आणि चार वर्षांनी अर्धा करून परत पाठवला. हे तुमच्या त्या मेनूत नाहीये. आता खा घावनं."

कप बशीत ठेवल्याचे आवाज झाले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. डेटलेफचा चेहरा आधी पडला, आणि मग, खोटं कशाला सांगा, उजळला.

"गाणं? कुठलं गाणं? आत्या, तुला येतं ते?"

येत होतं. मुलींना शिकवत नसत, पण उंबरा एकच आणि कान सगळ्यांनाच. एवढ्या वर्षांत तिने ते मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. पण आता तिला वाटलं, ऐकाच. ज्याने आमचं घर खाल्लं ते काय होतं ते ऐका, म्हणजे पुन्हा या फोटोखाली बसून साखर मागायची हिंमत व्हायची नाही. ती उंबऱ्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि म्हणू लागली. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे, आणि शब्द म्हणजे सहा पिढ्यांच्या जर्मन तोंडांतून झिजून आलेले. दोन कडवी होती. शेवटपर्यंत म्हटली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झोया खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

"हे झारचं गाणं?" तिने विचारलं.

"हो."

"झार कुठाय यात?"

"म्हणजे काय? सगळं तेच तर आहे."

"पुन्हा म्हणा बरं पहिलं कडवं."

"तमाशा लावलाय का?"

"म्हणा हो."

हेडविगने चिडून, भरभर म्हटलं. झोया ओठ हलवत तिच्या मागून शब्द सरळ करत गेली. मग म्हणाली, "बोब्रोफबाई, यात झार नाहीये. राजा नाही, राणी नाही, देवसुद्धा नाही. शिपाई आईला सांगतोय. आई, लाल गाय विकू नकोस. गवत कापायला मी येईन. दाराला कडी घालू नकोस, मी उशिरा येईन. बस. माझ्या आजीकडे असली दहा गाणी होती."

"खोटं बोलताय तुम्ही."

"मी कशाला खोटं बोलू?"

"मला बरं वाटावं म्हणून. दर ईस्टरला पाव ठेवता तसं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पाव ठेवते," झोया म्हणाली, "पण गाणी नाही हो बदलत." आणि तिने ते म्हटलं. तिथेच, टेबलाला एक हात टेकून, हळू आणि स्वच्छ. सूर तोच. पण आता त्याला माणसाचं तोंड होतं. ते ऐकून कोणी कोणाला तुरुंगात टाकेल, असं त्यात काही नव्हतं. शिपाई हसले होते ते याचसाठी. एकाने मिठी मारली होती ती याचसाठी. कुठल्या तरी गावात कोणाची तरी आई आणि कोणाची तरी गाय त्यालाही आठवली असेल.

हेडविग खाली बसली. गुडघा दुखत होता, पण ती त्यामुळे बसली नाही.

"मग का नेलं त्यांना?" तिने विचारलं.

झोयाने खांदे उडवले. "माझ्या सासऱ्यांना केलर आडनाव होतं म्हणून नेलं. तुमच्या बाबांना बोब्रोफ होतं म्हणून नेलं असेल. नेणाऱ्यांना काय, मोटार भरायची असते."

म्हणजे उगाच. इतकी वर्षं हेडविगच्या हाताशी एक कारण होतं, आणि त्या कारणावर तिने आपला राग खुंटीला कोट टांगावा तसा टांगून ठेवला होता. आता खुंटीच नव्हती. पंपावरच्या त्या बायकांचा तिला संताप आला. आईचा आला. मोटारीतल्या दोघांचा तर आलाच. पण ते सगळे मेलेले होते, आणि शिडीखाली उभी राहून तोंड सोडणारी एकच बाई अजून जिवंत होती. बाबांनी काही चूक केली नव्हती. दारात उभं राहून त्यांनी परक्या पोरांना गाईचं गाणं ऐकवलं होतं. आणि नासपतीच्या झाडावर, इतकं सगळं सोसून परत आल्यावर, ते गुणगुणत होते.

"आत्या," डेटलेफ हळूच तिच्याजवळ आला. त्याचे डोळे चमकत होते. "हे सोनं आहे सोनं. दर शनिवारी तू आलीस आणि एवढंच म्हटलंस, अर्थ या बाईंनी सांगितला, तर—"

"झोयाबाई," हेडविग म्हणाली, "स्टुलावर चढा."

झोया चढली. स्टूल कुरकुरलं. डेटलेफ मध्ये आला. "हे चालणार नाही. घराची वस्तू आहे ती. नियम आहे."

"नियम राजाचा," हेडविग उठून उभी राहिली. "आणि गाण्यात राजा नाही, ऐकलंस ना आत्ता? मग तुझ्या हाटेलात कुठून आला? बाजूला हो. नाहीतर या सगळ्यांना मी अजून बरंच सांगेन, गाद्यांपासून सुरुवात करून."

टोपी काढून बसलेला म्हातारा उठला आणि त्याने झोयाला तसबीर खाली घ्यायला हात दिला. मग डेटलेफ बाजूला झाला. चार टेबलं बघत होती, आणि बिलं अजून द्यायची होती.

"आणि मेनूवरचं ते बदल," हेडविग दारातून म्हणाली. "माळी लिही. एमिल बोब्रोफ, माळी. पुढच्या आठवड्यात येऊन बघणार आहे मी."

परतीच्या ट्रॅममध्ये तसबीर तिच्या मांडीवर होती, तोंड बाहेरच्या बाजूला करून. कचऱ्याच्या डब्याचा विषय झोयाने काढला नाही. खिडकीतून घर दिसलं तेव्हा हेडविगने पहिल्यांदा मान वळवून ते पूर्ण दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"पाच वर्षं," ती एकाएकी म्हणाली. आवाज चढलेला होता. "पाच वर्षं शाळेत फुकट शिकवत होते हो. मी तोंड शिवून बसले. चार शब्द शिकले असते, गाय आणि गवत एवढं जरी, तरी मला कळलं असतं. त्यांना गाऊ दिलं असतं मी."

"तुम्ही लहान होता."

"समजूत घालू नका माझी. मला ते आवडत नाही."

ट्रॅमने पुलाकडचं वळण घेतलं, ड्रायव्हरने ब्रेक फार जोरात मारला, आणि हेडविगचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती तसबिरीच्या काचेवर बोट घासत होती, टोपी होती तिथे.

"गाईला काय म्हणतात तुमच्यात?" तिने विचारलं.

"कोरोवा."

"कोरोवा," हेडविग म्हणाली. घशातून, रागाने, आख्खा डबा वळून बघेल इतक्या मोठ्याने. मग ती झोयाकडे वळली. "आणि विकू नकोस याला?"